तीन रूपांचं विमान कुठल्या पायरीवर?

सकाळी फिरायला निघावं आणि राजवाड्याच्या बाजूच्या रस्त्यावर हत्तींची ताजी लीद दिसावी, की समजायचं दसरा जवळ आला. जंगलातल्या छावण्यांमधून हत्ती येतात, पाठीवर वाळूची पोती घेऊन रोज मिरवणुकीच्या वाटेवरून चालवले जातात. आवाजाला बुजू नयेत म्हणून त्यांच्यासमोर तोफा उडवतात. साऱ्या म्हैसूरला या दिवसांत आनंद होतो. मला संशय येतो. एवढं मोठं जनावर इतक्या शहाण्यासारखं चालतंय, म्हणजे त्याच्या मनात काहीतरी असणार, असं मला वाटतं, आणि मी फुटपाथच्या आतल्या कडेनं चालतो.

हा स्वभाव मला पगारासोबत मिळाला. कडकोळच्या एका कारखान्यात पत्र्याच्या कपाटांच्या बिजागऱ्या तपासण्यात माझं सगळं नोकरीचं आयुष्य गेलं. बिजागरी हातात घ्यायची, उघडायची, मिटायची, कानाजवळ नेऊन ऐकायची आणि खोट कुठं आहे ते शोधायचं. खोट सापडली नाही तर शोधणाऱ्याचंच काहीतरी चुकतंय, असं समजून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. निवृत्तीनंतर बिजागऱ्या संपल्या, सवय राहिली. माझी बायको सुधा म्हणते, "अय्यो, तुमच्यापुढं देव उभा राहिला तर त्यालाबी स्वल्प हलवून बघाल तुम्ही." यात तिनं अतिशयोक्ती केलेली नाही.

दसऱ्याआधी आमच्या घरी पत्र्याच्या दोन ट्रंका माळ्यावरून खाली येतात. झाकण उघडलं की डांबरगोळ्यांचा, जुन्या वर्तमानपत्रांचा आणि लाकडाच्या रंगाचा मिळून एक वास येतो. तो वर्षातून एकदाच येतो आणि नाकात गेल्याबरोबर वय विसरायला लावतो. ट्रंकांत बाहुल्या असतात. इथं त्यांना बोंबे म्हणतात. आम्ही चार पिढ्यांपूर्वी कापड आणि कात्री घेऊन इकडं आलो, विठ्ठल सोबत आणला, मराठी सोबत आणली. बोंबे मात्र म्हैसुरानं दिल्या आणि आम्ही त्या इतक्या मनापासून घेतल्या की आता विठोबाही दसऱ्यात पायरीवर उभा राहतो. प्रत्येक बाहुलीला माझ्या वडिलांच्या दुकानातल्या चिंध्यांचं वेष्टन असतं. लष्कर मोहल्ल्यात त्यांचं शिवणाचं दुकान होतं. राणी निळ्या सफारीच्या कापडात गुंडाळलेली, राजा शाळेच्या खाकीत. वडील गेले, दुकान गेलं, कापड टिकलं.

आमच्या पाच पायऱ्या. सगळ्यात वर लाकडी राजा-राणी आणि कलश. दुसरीवर देव. तिसरीवर दसऱ्याची मिरवणूक: हत्ती, घोडे, भालेवाले. चौथीवर बाजार, त्यात ढेरपोट्या शेट्टी आणि त्याची बायको किराणा मांडून बसलेले, समोर बोटाएवढ्या पोत्यांत खरे तांदूळ आणि खरी डाळ. पाचवीवर, म्हणजे जमिनीलगत, बाग, मोटारी, आगगाडी, विमान. नियम दोनच. दर वर्षी एक तरी नवी बाहुली मांडायची, आणि एकदा मांडलेली बाहुली दशमीच्या आत हलवायची नाही.

यंदा ट्रंक उघडताना मी सुधाकडं पाहिलं नाही, तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. दोघांनाही मागचा दसरा आठवत होता, कारण मागच्या वर्षी दुसरा नियम मोडला होता. मोडला आमच्या मुलीनं, मेघनानं. तिला तो मोडायला लावला मी.

मेघना इंजिनियर आहे. चांगली कायमची नोकरी सोडून मागच्या वर्षी पावसाळ्यात ती घरी परत आली आणि म्हणाली की बंगळूरच्या एका कंपनीसाठी ती कॉम्प्युटर गेममधली यंत्रं काढणार आहे. तीन महिने चाचणीचे, मग कायम. मी विचारलं, कसली यंत्रं. ती म्हणाली, लढाऊ विमानं, पण रूप बदलणारी. आकाशात विमान, जमिनीवर माणूस.

"खोटी विमानं," मी म्हणालो.

"खोटी नाही अप्पा, कल्पनेतली."

"कल्पनेतल्या विमानाचा पगार कल्पनेतच मिळतो का बघ म्हणजे झालं."

ती हसली. तेव्हा ती माझ्या बोलण्याला हसायची.

जेवणाच्या टेबलावर तिनं त्या यंत्राचा नमुना करायला घेतला. पुठ्ठा, कॉलरमधलं कडक बकरम, शर्टाची बटणं, ब्लाउजचे हुक. माझ्या वडिलांचा सगळा डबाच तिनं रिकामा केला. सांधे जमेनात तेव्हा तिनं मला हाक मारली. निवृत्तीनंतर कुणी मला बिजागरी दाखवायला आणली ती पहिलीच वेळ. मी चष्मा पुसला. सांध्यात ढिलाई किती ठेवायची, किती ठेवायची नाही, घासून आवाज येत असेल तर मधे बकरमची चकती कापून कशी घालायची, हे मी तिला दाखवलं. खरं सांगतो, त्या दिवसांत मी सुखी होतो. सुखी आहे हे कळल्यावर मला ताबडतोब संशय आला, ही गोष्ट वेगळी.

कारण ते यंत्र माझ्या डोक्यात बसेना. ज्याला तीन रूपं आहेत त्याचं खरं रूप कोणतं? आमच्या कारखान्यात एक खाट यायची, दिवसा तिचा सोफा व्हायचा. तिच्यावर कधी कुणाला नीट बसता आलं नाही, की नीट झोपता आलं नाही. मी मेघनाला तसं सांगितलं. "एक ना धड, भाराभर चिंध्या. तीन वेगळी यंत्रं करा की. स्वस्त पडतील. यात एक सांधा गेला की तिन्ही रूपं गेली."

तिनं पुठ्ठ्याचं विमान उचललं आणि टेबलावरच्या डब्या-बरण्यांचं म्हैसूर केलं. लोणच्याची बरणी म्हणजे चामुंडीचा डोंगर. "हे बघा. विमानाच्या रूपात काम एकच, लांबचं लौकर गाठायचं. डोंगरावरून कृष्णराजनगर, गेलं म्हणून म्हणेपर्यंत गेलं. पहिला वार करायचा, नाहीतर पळायचं. पण शत्रू लष्कर मोहल्ल्यात शिरला तर? त्या गल्लीत विमान काय करणार? तारा, पाट्या, लोक, सायकली."

"काही नाही करणार. बाहेर थांबेल."

"बाहेर थांबता येतच नाही अप्पा विमानाला, अल्वा? थांबलं की पडलं." तिनं पंखांखालून दोन पाय ओढून काढले, बाजूनं दोन हात. पंख तसेच राहिले. पायघोळ झब्बा घातलेल्या कोंबडीसारखं काहीतरी दिसायला लागलं. "हे मधलं रूप. पायांत इंजिनं आहेत. पाय पुढं केले की कच्चकन ब्रेक लागतो, हवेत एका जागी राहता येतं. तोंड शत्रूकडं ठेवून मागं सरकता येतं. बाजारावर, घरांवर अलगद उतरायला हेच. आणि खाली आपले पायदळवाले असतील तर त्यांच्या डोक्यावर छत्रीसारखं राहायला."

मग तिनं पंख पाठीवर मिटले, पोटातून डोकं वर काढलं. यंत्र उभं राहिलं. "आणि हा माणूस. कोपऱ्यामागं लपतो, दारातून शिरतो, शत्रूच्या जहाजाच्या आत जाऊन हातघाई करतो. विमानाला सगळं आहे, हात नाहीत. पडणाऱ्याला धरायचं असेल, जखमीला उचलायचं असेल तर हात पाहिजेत. लढाई कुठं कुठलं रूप घेईल ते आधी गोत्तिल्ला, ठाऊक नसतं कुणालाच. दुसरं यंत्र बोलवेपर्यंत सगळं संपतं. म्हणून एकाच माणसानं एकाच खुर्चीत बसून तिन्ही व्हायचं."

"असलं कुठं असतं?"

"रस्त्यावर चाललंय की रोज. तो हत्ती. जंगलात लाकडं ओढतो, पूर्वी युद्धात भिंती पाडायचा, दसऱ्याला देवीची अंबारी उचलतो. तुम्ही त्याला विचारता का, तुझं खरं रूप कुठलं?"

विचारत नाही, पण फुटपाथच्या आतून चालतो, हे मी तिला सांगितलं नाही. मी माझ्या धंद्याचा प्रश्न विचारला. "एका रूपातून दुसऱ्यात जायला वेळ किती लागतो?"

ती पटकन माझ्याकडं वळली. चांगला प्रश्न विचारला की तिचे डोळे बारीक होतात, माझ्या वडिलांचे व्हायचे तसे. "तीन सेकंद. तीच खरी भानगड आहे. त्या तीन सेकंदांत ते विमानही नाही, माणूसही नाही. पंख अर्धे मिटलेले, हात बाहेर आलेले नाहीत. पळता येत नाही, मारता येत नाही. हुशार शत्रू त्या वेळेची वाट बघतो आणि तेव्हाच मारतो."

"मग मेलंच की."

"म्हणून एकटं बदलायचंच नाही. जोडीनं उडायचं. एक जण बदलत असला की दुसऱ्यानं पुढं येऊन आड उभं राहायचं. तेवढा वेळ गोळ्या त्यानं झेलायच्या. बाकी काही नाही करायचं, सुम्ने उभं राहायचं."

"आणि जोडीदारच फितूर निघाला तर?"

"अय्यो अप्पा," ती हसत म्हणाली, "तुम्ही हेच विचारणार!"

घटस्थापनेला प्रश्न आला की ते कुठल्या पायरीवर मांडायचं. नवी बाहुली तीच होती. सुधा म्हणाली, विमान आहे तर पाचवीवर. मी म्हणालो, शिपाई आहे तर तिसरीवर, हत्तींच्या पुढं. मायलेकींची आणि माझी चांगली अर्धा तास खडाजंगी झाली आणि त्यात तिघांनाही मजा आली. शेवटी मेघनानं त्याला मधल्या रूपात आणलं आणि चौथ्या पायरीवर, शेट्टीच्या दुकानाच्या माथ्यावर, दोऱ्यानं टांगून हवेत थांबल्यासारखं उभं केलं. बायका बोंबे बघायला आल्या की पहिल्यांदा त्याच्याकडं बघायच्या. कुणी त्याला गरुड म्हणायचं, कुणी राक्षस. शेट्टी खाली निवांत बसलेला.

आता या सगळ्यात मला काय खुपत होतं? पैसे वेळेवर येत होते. पोरगी जेवत होती, गुणगुणत होती. पण कंपनीचा मालक फोनवर बोलायचा तेव्हा तोंड दाखवायचा नाही. मेघना खोलीचं दार लावून घ्यायची. काय बोललीस विचारलं तर म्हणायची, सांगायचं नाही असं लिहून दिलंय. कंपनीचं नाव मी ओळखीच्या तिघांना विचारलं, तिघांनी ऐकलेलं नव्हतं. ज्या गोष्टीला दार लावावं लागतं तिच्यात खोट असते, असं माझं एकूण आयुष्य मला सांगत होतं. आणि चाचणीचे तीन महिने दसऱ्यानंतर लगेच संपत होते. म्हटलं, पोरगी कायमची अडकण्याआधी माप घ्यावं.

माप घेणं म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आमच्या नात्यागोत्यात मुलगी द्यायची झाली की मुलाच्या घरी आधी कुणीतरी टेप घेऊन जातो. आम्ही शिंपी, टेप खिशात असणं हे काही विशेष नाही. चोळीचं, कोटाचं, कशाचंही निमित्त करायचं आणि घरातल्या माणसांची मापं घ्यायची. माणूस माप द्यायला उभा राहिला की हात पसरतो, हनुवटी वर करतो आणि का कुणास ठाऊक, खरं बोलतो. मानेचं माप घेताना दारूचं विचारायचं, छातीचं घेताना कर्जाचं. माझ्या वडिलांनी अशी कितीतरी लग्नं जुळवली आणि काही वेळेवर मोडली. या पद्धतीनं आमच्यात कुणी फसलं नाही, असं आम्ही अभिमानानं सांगतो.

माझा आतेभाऊ नामदेव बंगळुरात गणवेश शिवतो. मी त्याला फोन केला. नामदेव लगेच तयार झाला; असल्या कामाला तो कधी नाही म्हणत नाही. स्टाफचे टी-शर्ट शिवायचेत असं सांगून तो त्या ऑफिसात शिरला आणि दोन पोरांना उभं करून त्यानं विचारायला सुरुवात केली. मालक कुठला, घरचा कसा, पितो का, पगार अडकतो का, कंपनी किती दिवस चालेल, पोरींना उशिरापर्यंत बसवतात का, आत्ता काय काय यंत्रं काढताय.

शेवटचा प्रश्न त्यानं आपल्या मनानं घातला. कौतुकानं. पण त्या कंपनीची चित्रं आधी एकदा बाहेर फुटली होती, आणि तिथली माणसं नव्या तोंडाकडं आधीच चोरासारखं बघत होती. म्हणजे ते माझ्यासारखेच निघाले. त्यांनी नामदेवला बसवून घेतलं, टी-शर्ट कुणी सांगितले ते विचारलं, आणि नामदेव घाबरून म्हणाला, "मेघनाचे वडील माझे मामेभाऊ. त्यांनी पाठवलं."

अष्टमीच्या दुपारी मेघनाला फोन आला. दार बंद होतं. मी बाहेर शेट्टीच्या पोत्यांतली सांडलेली डाळ भरत होतो. ती बाहेर आली ती सावकाश आली. तिचा चेहरा बघून मी उठून उभा राहिलो.

"अप्पा, नामदेवकाकांना तुम्ही पाठवलं?"

मला तेव्हा खोटं बोलता आलं असतं. मी त्याहून वाईट केलं. मी ताठ उभा राहून म्हणालो, "हो. बाप आहे मी. चौकशी करायला नको?"

ती मग म्हणाली, "इट्स ओके, अप्पा."

एवढंच. इंग्रजीत. ती भांडली असती, ओरडली असती, तर मी ओरडलो असतो आणि संध्याकाळपर्यंत सगळं मिटलं असतं. आमच्या घरात तसंच मिटतं. तिनं चौथ्या पायरीवरून ते यंत्र उचललं. सुधा स्वयंपाकघरातून धावत आली, "अगं बेडा, नको, दशमीच्या आधी हलवायचं नाही!" तोवर ते खोलीत गेलं होतं आणि दार लागलं होतं. शेट्टीच्या माथ्यावर दोरा तेवढा लोंबत राहिला. दोन दिवस मी येता-जाता तो दोरा पाहिला आणि तोडला नाही.

त्यांनी तिला काढलं नाही. तिचं ते यंत्र मात्र तिच्याकडून काढून दुसऱ्याला दिलं. तिचेच सांधे, तिचेच तीन सेकंद, पुरं करणार दुसरा. हे तिनं आईला सांगितलं, आईनं मला. महिन्याभरात ती ते काम सोडून पुण्याला गेली.

मला आधी राग आला, हे कबूल करतो. कंपनीचा आला, नामदेवचा आला, पुण्याचा आला. लाज वाटायला हिवाळा यावा लागला. एका दुपारी कपाटाची बिजागरी कुरकुरत होती म्हणून चकती घालायला बसलो आणि हातातला स्क्रू तसाच राहिला. माझी पोरगी एका नोकरीतून निघाली होती, दुसरीत पोचली नव्हती. पंख अर्धे मिटलेले, हात बाहेर आलेले नाहीत. काम एकच होतं आणि तिनं ते मला लोणच्याची बरणी बाजूला ठेवून नीट समजावलंही होतं. पुढं येऊन उभं राहायचं, बाकी काही करायचं नाही. मी काय केलं? नेमकी ती वेळ साधून मारलं. शत्रू परका असता तर त्याला वेळ साधता आली नसती; मला घरात राहून साधली. फितुराचा प्रश्न मीच विचारला होता आणि उत्तरही मीच निघालो.

फोन ती रोज करायची, आईला. मी जवळ गेलो की, "हॅलो अप्पा, हाऊ आर यू? टेक केअर." विचारपूस सगळी असायची, चूक काढायला जागा नसायची. सुधाशी ती तिची मोडकी-तोडकी, अर्धी कानडी मराठी भडाभडा बोलायची. पुण्यात तिच्या बोलण्याला सगळे हसतात आणि तू मूळची कुठली म्हणून विचारतात, तेही सांगायची. मी दाराआड उभा राहून ऐकायचो. दाराआड उभं राहणं ही काही चांगली सवय नाही. पण घरात ज्या भाषेत मी तिला पहिल्यांदा हाक मारली, ती भाषा तिनं माझ्यापुरती मिटून पोटात घेतली होती, आणि ती पुन्हा बाहेर येणार की नाही, एवढाच प्रश्न मला वर्षभर होता. माफी मागायला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा "इट्स ओके, अप्पा" ऐकून ठेवला.

यंदा घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पुण्याहून खोकं आलं. सुधानं उघडलं. आत नवं यंत्र. मागच्यासारखं नव्हे, हे वेगळंच, छापून काढलेल्या प्लॅस्टिकचं, पंख रुंद, पाय आखूड. चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी नाही म्हणजे काहीतरी सुचवायचं असणार, असं मला वाटलं; मग वाटलं, चिठ्ठी नाही म्हणजे काही सुचवायचं नाही; या दोहोंमध्ये माझी रात्रीची झोप गेली. सकाळी मी ते हातात घेतलं आणि सवयीनं एकेक सांधा उघडून, मिटून, कानाजवळ नेऊन तपासला. आवाज नाही. ढिलाई हवी तेवढी. भिंग घेऊन आत बघितलं तर प्रत्येक सांध्यात बकरमची एकेक चकती बसवलेली होती, नीट गोल कापलेली.

सुधानं विचारलं, "कुठल्या पायरीवर?"

मी त्याला मधल्या रूपात आणलं आणि शेट्टीच्या माथ्यावर, मागच्या वर्षी शेट्टीच्या चिंधीत जपून ठेवलेल्या त्याच दोऱ्याला बांधलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी कृष्णराजनगरचे गणपतराव बायकोला घेऊन बोंबे बघायला आले. लांबच्या नात्यातले, तिथं त्यांचं शिवणाचं दुकान आहे. सुधा रोजच्यासारखी व्हिडिओ कॉलवर मेघनाला पायऱ्या दाखवत होती. पाहुणे आले तशी ती फोन तिथंच टेकवून पाहुणीला हळदीकुंकू द्यायला आत घेऊन गेली. गणपतरावांनी राजा-राणी बघितली, देवाला नमस्कार केला, हत्तींचं कौतुक केलं. मग माझ्या सफारीकडं बघून म्हणाले, "अण्णा, काय ही जुनी झाली हो! दसऱ्याला नवी पाहिजे. थांबा, आलोच आहे तर माप घेतो." आणि खिशातून टेप निघाला.

मला सगळं कळलं. माझ्या घरी, माझ्याच पद्धतीनं, कुणाच्या तरी मुलासाठी माझ्या मुलीचं माप घ्यायला माणूस आला होता. नाही म्हणावं तर घरात काहीतरी लपवण्यासारखं आहे असं होतं. मी उभा राहिलो, हात पसरले.

गणपतराव खांद्यावर टेप लावत म्हणाले, "मत्ते, आणखी काय, मेघना पुण्यात म्हणे?"

"हो."

"बंगळूरचं काम चांगलं होतं ऐकलं. मध्येच का सुटलं?" टेप गळ्याभोवती आला. "काही भानगड नव्हती ना? पोरीची जात, लोक सुम्ने, उगाच बोलतात. म्हणून विचारलं."

हात पसरलेला माणूस खरं बोलतो हे मला आता आतून कळलं. बायामाणसांचा आवाज स्वयंपाकघरात थांबला होता. म्हणजे तिकडंही कान इकडंच होते. उद्या हे कृष्णराजनगरला जाणार, परवा बंगळूरला, आणि पुढचा सगळा दिवाळीपर्यंतचा फराळ त्यावर होणार. मी समोर बघितलं. शेट्टीच्या माथ्यावर ते यंत्र लटकलं होतं, तोंड पुढं करून.

"भानगड झाली," मी म्हणालो. "मी केली. तिचं काम चांगलं चाललं होतं. मला उगाच संशय आला आणि मी तिथं नामदेवला टेप घेऊन पाठवलं. त्यांना वाटलं हेरगिरी आहे. तिच्या हातचं काम गेलं ते माझ्यामुळं. तिची त्यात एवढीशीही चूक नाही. हे जसंच्या तसं सांगा, जिथं सांगायचं तिथं."

गणपतरावांचा टेप माझ्या कोपराशी थांबला. आमच्या नात्यात मापाची अशी उलटी गोष्ट कुणी कुणाला सांगितलेली नाही.

"बरं... आणि आत्ता काय करते ती?"

"आत्ता ती बदलतेय. काय होणार ते तिचं तिला माहीत. झालं की ती सांगेल. तोवर काय विचारायचं असेल ते मला विचारा, गणपतराव. मी इथं उभा आहे."

त्यांनी टेप बोटाभोवती गुंडाळला, खिशात टाकला आणि हत्ती पुन्हा एकदा बघायला गेल्यासारखं करून ते बायकोला हाक मारत आत गेले. मी तसाच उभा होतो. खांदे भरून आले होते, पण हात खाली घेऊन पुढं काय करायचं ते सुचत नव्हतं.

तेवढ्यात चौथ्या पायरीवरून, शेट्टीच्या दुकानातून, डाळीच्या पोत्यांना टेकवलेल्या फोनमधून आवाज आला.

"अप्पा, हात खाली करा की आता. माप कधीच झालं."